कुपाटीवरच्या वालाचं बी

जालना जिल्ह्यात बसून बियाण्यावर लिहायचं म्हटलं की आधी कंपन्यांचं नाव निघतं, आणि ते साहजिकच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली. त्याआधी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचं बी त्यांनी स्वतःच्या शेतात वाढवलं होतं, आणि त्यातूनच पुढच्या धंद्याचा पाया पडला. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून जालना परिसरात बियाण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. मृगाच्या तोंडावर जिल्ह्यातल्या परतूरच्या कृषी सेवा केंद्रांत कपाशी, सोयाबीन, तूर, मका यांच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. याच जिल्ह्यात बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र कडधान्यांवर काम करतं. ‘बीडीएन ७११’ ही तूर तिथलीच.

या सगळ्या पसाऱ्यात एका बियाला जागा नाही. गोठ्याच्या पत्र्यावर किंवा कुपाटीच्या कुंपणावर चढलेला, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा वाल, दारातली गवार, बांधावरची चवळी, एखाद्याच घरी टिकून असलेली वीतभर लांब शेंगांची अबई, यांचं गावरान बी दुकानात मिळत नाही. त्याला लेबल नाही, किंमत नाही. कुणाच्या तरी घरी डब्यात असतं म्हणून ते आहे, आणि त्या घरानं दोन-तीन वर्षं पेरलं नाही की ते संपतं. हे बी राखायला काय काय करावं लागतं, आजवर कुणी कसं राखलं, आणि परतूरच्या काळ्या रानात, सातशे मिलिमीटरच्या आसपासच्या बेभरवशाच्या पावसात ते कितपत जमण्यासारखं आहे, हे पाहण्यासाठी हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. शेंगभाज्यांचं बी राखण्याइतकं सोपं दुसऱ्या कुठल्याच माळव्याचं नाही. तरीही ते झपाट्यानं जातंय, कारण आपण ते एकेका घराचं काम समजून बसलोय. एका घराच्या भरवशावर ते टिकत नाही, चार घरांत फिरतं राहिलं तर टिकतं.

सोपं का, हे फुलातच कळतं. श्रावण घेवडा, चवळी, गवार यांच्या फुलात पाकळ्या उघडायच्या आधीच परागकण मोकळे झालेले असतात आणि ते त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडलेले असतात. फूल उमलतं तेव्हा काम झालेलं असतं. त्यामुळे आईसारखीच लेक निघते. यांत व्यापारी तत्त्वावर संकर करायचा तर एकेक कळी हातानं उघडून आतले पुंकेसर काढावे लागतील, आणि एवढं करून शेंगेत दाणे मिळणार मोजकेच. ते कुणालाच परवडत नाही. म्हणून भेंडी, टोमॅटो, मिरची, दोडका यांची संकरित पाकिटं दुकानात भरपूर दिसतात, शेंगभाज्यांची जवळजवळ नसतातच. जे मिळतं ते सरळ वाण असतात. ते एकदा नेलेला माणूस घरीच बी धरू शकतो आणि पुढच्या वर्षी दुकानाची पायरी चढत नाही. व्यापाऱ्याला ही अडचण वाटली तर त्याला बोल लावता येणार नाही. पण परसबाग करणाऱ्याला यासारखी सोय नाही.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. पाकिटातून आलेलं सगळंच बी संकरित असतं आणि ते दुसऱ्या वर्षी चालत नाही, असा समज घट्ट बसलाय. शेंगभाज्यांच्या बाबतीत तो खोटा आहे. ज्यांच्या घरचं बी गेलंय आणि मागायला जवळपास कुणी उरलेलं नाही, त्यांनी पाकिटातल्या चवळीपासून किंवा गवारीपासून बेलाशक सुरुवात करावी. ते वाण आजीच्या हातचं नसेल, पण चार-पाच वर्षं आपल्याच अंगणात निवडत गेलं की ते त्या मातीला सरावतं.

वालाचं थोडं निराळं आहे, आणि परतूर भागात खरा जीव आहे तो वालातच. वालही मुख्यतः स्वपरागित, पण त्याच्या फुलांवर काळे भुंगे आणि मधमाश्या सतत असतात आणि थोडाफार संकर होतोच. पांढऱ्या फुलाच्या वेलाचं बी लावलं आणि त्यातून एखादा जांभळ्या फुलाचा वेल निघाला, तर एक तर बी मिसळलं किंवा भुंग्यानं शेजारच्या वेलावरून पराग आणला. असा वेल खायला ठेवावा, बियाला नाही. दोन प्रकारचे वाल लावायचे असतील तर एक घराच्या पुढे, दुसरा मागे, एवढं तरी अंतर ठेवावं.

वाल एकच असतो असं फक्त बाजारात वाटतं. कुपाट्यांवर पाहिलं तर रुंद चपट्या पांढुरक्या शेंगांचा असतो, हिरव्या शेंगेला जांभळी कड असलेला असतो, पूर्ण जांभळा असतो, शेंग कोवळी असतानाच खाण्याजोगा असतो आणि शेंग चिवट म्हणून फक्त दाण्यासाठी ठेवलेलाही असतो. दाणा पाहिला तर पांढरा, तांबूस, काळा, करड्यावर ठिपके असलेला. सगळ्यांना एक खूण मात्र सारखी असते. दाण्याच्या एका कडेला, डोळ्यावरून पुढे गेलेली, उठून दिसणारी पांढरी पट्टी. तांबड्या किंवा काळ्या दाण्यावर ती अशी उमटते की मिसळलेल्या कडधान्यातूनही वालाचा दाणा डोळे झाकून वेगळा काढता यावा, अगदी बोटाला लागते.

जुना वाल मृगात किंवा आर्द्रात टोकला तरी दिवाळीआधी सहसा फुलावर येत नाही. नवख्याला वाटतं, वेल माजलाय, नुसता पाला आलाय, खत जास्त झालं. तसं नसतं. जुने वाल दिवसाच्या लांबीवर चालतात. परतूर साडेएकोणीस अक्षांशाच्या आसपास आहे. तिथं जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला अकरा तासांपेक्षा किंचित कमी. दिवस आखडू लागले की या वेलाला फुलायची वेळ कळते. पावसाळाभर तो अंग धरतो, कार्तिकात तुरे काढतो आणि पौष-माघात शेंगांनी लदबदतो. भोगीच्या भाजीत वाल किंवा घेवडा असतोच, तो या वेळापत्रकामुळे. हरभऱ्याचे घाटे, गाजर, बोरं, ऊस, तीळ आणि वालाच्या शेंगा एकाच आठवड्यात हाताशी येतात, म्हणून त्या एका भाजीत आल्या. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस करतात, शेतात बसून जी भज्जी खातात, तिच्यातही वाल-तुरीचे ओले दाणे असतात. आपल्या सणांचं ताट वेलाच्या घड्याळावर बसवलेलं आहे.

नवे वाण हे घड्याळ काढून टाकतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेले ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे वाल झुडपी आहेत, मांडव लागत नाही, दिवसाची लांबी पाहत नाहीत, केव्हाही लावा, दोन महिन्यांच्या आसपास शेंगा देतात. बाजारासाठी भाजी करणाऱ्याला हे वरदानच. कुंडीत किंवा गच्चीवर लावणाऱ्यालाही सोयीचं. माझा त्याला विरोध नाही. पण तीन महिने रोज परडीभर तोडा देणारा, उन्हाळ्यात पाणी मिळालं तर दुसऱ्या वर्षीही फुटणारा वेलाचा वाल त्याच्या बदल्यात गेला, तर सौदा तोट्याचा आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. गवार आपल्या उन्हाला आणि कमी पाण्याला मानवते. तिचं बी धरायला अक्कल लागत नाही, झाड वाळू द्यायचं, बस. चवळीही तशीच, फक्त तिच्यावर मावा फार. श्रावण घेवडा मात्र आपल्याकडे हट्टानं लावावा लागतो. उष्णता वाढली की त्याची फुलं गळतात, त्यामुळे परतूरला तो पावसाळ्याच्या शेवटी, ऑक्टोबरमध्ये लावला तरच काही हाती लागतं. साताऱ्याच्या कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाघ्याचे ते रेघारेघांचे दाणे पाहून कुणालाही दोन ओळी लावून पाहाव्याशा वाटतात. लावाव्यातही, पण कोरेगावची थंड हवा परतूरला आणता येत नाही. दुसऱ्या गावचं बी कितीही नावाजलेलं असलं तरी ते पाहुणं असतं.

गावरान बियाविषयी बोलताना ते सगळं अनादी काळापासून आपलंच आहे असा सूर लागतो. तो खरा नाही. श्रावण घेवडा आणि राजमा मूळचे अमेरिका खंडातले. ते सोळाव्या शतकानंतर आपल्याकडे आले. चवळी आफ्रिकेची. वालाचे रानटी भाऊबंदही आफ्रिकेत आहेत, पण दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात वालाचे जळके दाणे सापडलेत. म्हणजे तो इथं साडेतीन हजार वर्षांच्या आसपास आहे. बी कुठून आलं यापेक्षा ते इथं किती पिढ्या निवडलं गेलं याला मोल आहे. साडेतीनशे वर्षं एखाद्या मुलखात उन्हातान्हात निवडला गेलेला घेवडा त्या मुलखाचाच म्हणायचा.

मग हे जातंय कशानं? पहिलं कारण दुष्काळ. १९७२ साल जुन्या माणसांच्या बोलण्यात येतं, पण परसबागेवर खरी संक्रांत आणली ती २०१२-१३ आणि त्यानंतर २०१४ ते २०१६ या सलग वर्षांनी. प्यायचं पाणी टँकरनं येत असताना कुपाटीवरच्या वालाला कोण पाणी घालणार? त्या वर्षी दाणा धरला नाही, मागच्या वर्षीचा डब्यातल्या भुंग्यानं खाल्ला, की तिसऱ्या वर्षी बी मागायला शेजारी जावं लागतं. आणि दुष्काळ शेजाऱ्यालाही सोडत नाही. दुसरं कारण घराचं रूप बदललं. मातीच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं आली, परस फरशीखाली गेलं, न्हाणीचं पाणी नालीत गेलं, कुपाटीच्या जागी सिमेंटची भिंत आली. वालाला चढायला पऱ्हाट्यांचा आधार लागतो, भिंतीवर तो चढत नाही. तिसरं कारण बायकांच्या बोलण्यातून कळतं. बी राखणं त्यांच्याकडे होतं. सासूकडून सुनेकडे, माहेरून सासरी पदराच्या गाठीत ते जायचं. आता सून शिकलेली आहे, नोकरीला किंवा बचत गटाच्या कामाला जाते, ते चांगलंच आहे. फक्त सासूच्या हातातली ही एक गोष्ट तिला कुणी सांगितलीच नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नावर सर्वांत गाजलेलं काम राहीबाई पोपेरे यांचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ‘बायफ’ संस्थेच्या साथीनं परसबाग उभी केली, भात आणि भाज्यांचे गावरान वाण गोळा केले आणि घरातच बियाणं बँक थाटली. त्यांच्या संग्रहातली वाल-घेवड्याची विविधता हा तर अभ्यासाचा विषय. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, त्याच वर्षाचा नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. कौतुक झालं ते योग्यच झालं. पण त्या कामाचा गाभा पुरस्कारांत नाही, वाटपाच्या रीतीत आहे. बी फुकट न्यायचं आणि पीक आलं की नेलं त्याहून जास्त परत आणून द्यायचं. एका घरातली मूठ दहा घरांत जाते आणि घराला आग लागली तरी बी मरत नाही. कळसूबाई परिसरात बियाणं संवर्धनाची समिती उभी राहिली ती याच रीतीवर.

शासनाच्या पातळीवर २०१४ ते २०१९ या काळात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पुढाकारानं महाराष्ट्र जनुक कोशाचा प्रकल्प चालला. पुढे २०२२ साली मंत्रिमंडळानं त्याच नावाच्या पाच वर्षांच्या प्रकल्पाला सुमारे १७२ कोटी रुपयांची मंजुरी दिली. देशाच्या पातळीवर दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोची जनुक पेढी आहे. तिथं उणे अठरा अंश तापमानात बी ठेवतात आणि ते अनेक दशकं जगतं. नॉर्वेतल्या स्वालबार्डची २००८ सालची हिमकोठी सर्वांनी ऐकलेली असेल. कोलंबियातल्या ‘सिएट’ संस्थेत घेवड्याचे सदतीस हजारांच्या आसपास नमुने आहेत. अशा पेढ्या हव्यातच. आग, पूर, युद्ध यांतून बी वाचवायला दुसरा उपाय नाही. तरी गोठवलेलं बी त्या वर्षीच्या हवेत थांबलेलं असतं. गेल्या वीस वर्षांत परतूरचा पाऊस बदलला, ऑक्टोबर तापू लागला, किडी बदलल्या. हे फक्त कुपाटीवरच्या वेलाला कळतं, पेटीतल्या बियाला कळत नाही.

उत्तराखंडात टेहरीच्या जर्धारगावातून विजय जरधारी आणि सोबत्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘बीज बचाओ आंदोलन’ सुरू केलं. राजम्याचे कितीतरी रंग त्यांच्या भागात पुन्हा शेतात आले. अमेरिकेत १९७५ साली डायान आणि केंट व्हिली या जोडप्यानं ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ सुरू केली तीही घरगुती बागकाम करणाऱ्यांनी एकमेकांना बी पाठवण्यातून. तिथल्या जॉन विदी नावाच्या घेवडावेड्या माणसानं आपला हजारावर वाणांचा संग्रह शेवटी त्यांनाच दिला, कारण एकट्याला तो पेलेना. दर चार-पाच वर्षांनी प्रत्येक वाण पुन्हा पेरून ताजा करावा लागतो. हजार वाण एका माणसाच्या अंगणात मावत नाहीत, आणि हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही.

मराठवाड्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’नं बायकांच्या नावानं एक एकर अन्नपिकांसाठी ठेवण्याचं काम धाराशिव-लातूर भागात केलं. २०१७ साली त्यांना इक्वेटर पुरस्कार मिळाला. अकोले तालुक्याच्या डोंगराळ, पावसाळी मुलखापेक्षा हे उदाहरण आपल्याला जास्त जवळचं, कारण तीच काळी माती, तोच दुष्काळ आणि तेच सोयाबीनचं वेड. अंगणवाड्या, शाळा आणि बचत गटांमार्फत परसबागांच्या मोहिमाही निघतात. त्यांत बियांची पाकिटं वाटली जातात, फोटो निघतात. मला त्यात एक उणीव दिसते. पाकीट वाटताना त्यातल्या कुठल्या भाजीचं बी घरी धरता येतं आणि कसं, हे सांगितलं जात नाही. सांगितलं असतं तर वाल, गवार, चवळी यांच्यासाठी पुढच्या वर्षी पाकिटाची वाटच पाहावी लागली नसती.

आता हाताच्या कामाकडे. बी बिघडतं ते डब्यात, असं सगळे समजतात. खरं तर ते वेलावरच बिघडायला लागतं. पहिल्या बहराच्या भरदार शेंगा आपण भाजीला तोडतो, दुसऱ्या बहराच्या पाहुण्यांना देतो आणि शेवटी फाल्गुनात वेल थकला की उरल्यासुरल्या, वाकड्या, किडक्या शेंगा बियाला राहतात. दरवर्षी असं केलं की आपण नकळत उशिरा फळणारे आणि कमजोर वेल निवडत जातो. दहा वर्षांत ‘वाल आता पहिल्यासारखा येत नाही’ असं आपणच म्हणतो. म्हणून बियाचे वेल फुलोऱ्यातच ठरवावेत. ज्या वेलावर पानं पिवळी-हिरवी चट्ट्यांची झाली, वळली, तो वेल बियाला नाही. बाकीच्यांतल्या निरोगी, लवकर धरलेल्या वेलांच्या मधल्या घोसांना लाल चिंधी बांधावी आणि घरात सगळ्यांना बजावून सांगावं की चिंधीला हात लावायचा नाही. एकाच उत्तम वेलाचं बी धरण्याचा मोह टाळावा. चार-पाच वेलांचं मिळून घ्यावं, नाहीतर वाणातला जो थोडाफार निरनिराळेपणा पुढच्या वाईट वर्षी कामाला येतो, तोच निघून जातो.

शेंग वेलावर पूर्ण पिकू द्यावी. कागदासारखी कोरडी झाली आणि हलवल्यावर आत दाणा वाजला की काढावी. माघ-फाल्गुनात आपल्याकडे हवा कोरडी असते, हा मोठा फायदा. कोकणात यासाठी झगडावं लागतं. अवकाळीचं आभाळ दिसलं तर मात्र वेल उपटून ओसरीत उलटा टांगावा. शेंगा कापडावर हलक्या हातानं बडवाव्यात, काठी जोरात बसली की दाण्याच्या आतला मोड दुखावतो आणि वरून काही दिसत नाही. सुपात पाखडावं, सुरकुतलेले, भोक पडलेले, निराळ्या रंगाचे दाणे वेगळे काढावेत. मग सावलीत दोन-तीन दिवस आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन दिवस. मे महिन्याच्या भर दुपारी पत्र्यावर बी घालू नये. दाताखाली दाणा धरून पाहावा. दाबला जाऊन दाताची खूण उमटली तर ओल आहे, टचकन फुटला तर तयार आहे. घेवड्याच्या प्रमाणित बियाण्यात ओलावा नऊ टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि हवाबंद पाकिटात ठेवायचं तर सात टक्के लागतो. घरी मोजायला यंत्र नाही, दातच आहे, आणि तो पुरतो.

यानंतर दाणे पोखरणारा भुंगा. शेंगभाज्यांच्या बियाचा खरा काळ हाच. आणि त्याविषयी एक गैरसमज घरोघर आहे. डबा घट्ट नव्हता म्हणून भुंगा बाहेरून शिरला, असं वाटतं. बहुतेक वेळा तो शेतातूनच आलेला असतो. मादी वेलावरच्या शेंगेवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते, बाहेरून दाणा धडधाकट दिसतो आणि दोन महिन्यांनी डब्यातून पीठ आणि भुंगे निघतात. एकदा सुरू झालं की डब्यातल्या डब्यात पिढ्यामागून पिढ्या होतात. यावर जुन्या बायकांची चाळलेल्या राखेची रीत शास्त्राच्या कसोटीला उतरलेली आहे. राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंग्याला हलायला आणि जोडी जमायला जागा उरत नाही. मडक्यात एक थर बी, एक थर राख, वर पुन्हा राख, तोंडाला फडकं आणि वरून मातीचा लेप. थोडं बी असेल तर शेंगदाण्याचं किंवा एरंडीचं तेल किलोला पाच ते दहा मिली एवढंच चोळावं. त्यानं दाण्यावरच्या अंड्यांचा श्वास कोंडतो. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी पूर्ण वाळलेलं बी हवाबंद बरणीत घालून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावं आणि बाहेर काढल्यावर बरणी दिवसभर न उघडता तशीच राहू द्यावी. उघडली तर थंड दाण्यावर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. ओलं बी मात्र गोठवू नये, ते मरतं.

पुढे ठेवायची जागा. परतूरचा मे बेचाळीस अंशांवर जातो, आणि लगेच जुलैत दमट हवा येते. बियाला दोन्ही वाईट. ओलावा एक टक्क्यानं कमी केला किंवा तापमान पाच अंशांनी उतरवलं की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा ठोकताळा जगभर वापरतात. म्हणून पत्र्याखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा आणि जमिनीलगतचा, मातीच्या भिंतीचा, अंधारा कोपरा सर्वांत चांगली. जुन्या घरातल्या उतरंडीचं तळाचं मडकं यासाठीच बियाचं असायचं. अशा ठेवणीत वाल-घेवडा दोन-तीन वर्षं निभावतो. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी. वाण कुठला, कुणाकडून आला, कुठल्या गावचा, फुलाचा रंग, कुठल्या वर्षीचा. बी हाती असतं आणि हकीकत हरवलेली असते, हे आपल्याकडे फार होतं.

आणि दुष्काळाचा धडा म्हणून एक नियम: या वर्षीचं सगळं बी याच वर्षी टोकायचं नाही. निम्मं मागे ठेवायचं. मृगात टोकलेलं पावसानं दगा दिल्यानं करपलं तर दुसरी खेप हाताशी असते, वर्षच वाया गेलं तरी पुढच्या वर्षीची सोय असते.

एवढं करूनही एका घरानं किती वेल लावावेत? वाण नीट टिकायला वीसच्या आसपास रोपं हवीत असं जाणकार सांगतात. परसात दोन-तीन वेल मावतात. इथंच एका घराचा हिशेब चुकतो. सहा-सात घरांनी एकाच वाणाचे तीन-तीन वेल लावले आणि माघात सगळ्यांनी आपापलं बी एका परातीत ओतून मिसळून पुन्हा वाटून घेतलं, की वीस वेलांचं काम झालं. एका घरची विहीर आटली तरी दुसऱ्याकडे आहे. यासाठी समिती, नोंदणी, उद्घाटन काहीच लागत नाही. बचत गटाची महिन्याची बैठक असते, त्यात एकदा परात ठेवली की पुरे. परतूरच्या एखाद्या शाळेनं हे अंगावर घेतलं तर मुलं चिठ्ठ्या लिहायचं काम मोठ्यांपेक्षा चोख करतील.

कायद्याची धास्ती बाळगायचं कारण नाही. २००१ सालच्या ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क’ कायद्याच्या ३९व्या कलमात शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क स्पष्ट शब्दांत दिलाय. मनाई आहे ती फक्त संरक्षित वाणाचं बी लेबल लावून, ब्रँड म्हणून विकायला. त्याच कायद्यात शेतकऱ्यांचे वाण त्यांच्या नावानं नोंदवण्याची सोय आहे. बदनापूरचं केंद्र आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इतक्या जवळ असताना, जालना-परभणीच्या कुपाट्यांवरच्या वालांची एकदा नीट पाहणी व्हायला हवी. कुठल्या घरी कुठला वाल आहे, कधी फुलतो, माव्याला कितपत तग धरतो, दुष्काळात कुठला जगला, याची नोंद हवी. तुरीवर जेवढं काम झालं त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकं जरी वालाच्या वाट्याला आलं तरी पुष्कळ होईल.

तोवर परातीची रीत चालवायला कुणाची परवानगी नको. मेच्या शेवटच्या आठवड्यात बरण्या काढाव्यात, प्रत्येक वाणाचे वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि फडकं वाळू देऊ नये. आठवडाभरात पंधरा किंवा जास्त मोडले तर बी चोख, घेवड्याच्या प्रमाणित बियाण्यालाही पंचाहत्तर टक्केच उगवण लागते. दहाच्या आत मोडले तर दाट टोकावं आणि त्या वर्षी त्या वाणाच्या शेंगा खाऊ नयेत, सगळ्या बियाला राखाव्यात. चोख बियातली मूठभर पावसाआधी पलीकडच्या दोन घरी पोचती करावी, चिठ्ठीसकट.